ओब्राकच्या पठारावर राहायला जाताना: फ्रान्समधील गुराख्यांच्या गावात नव्याने येणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

फ्रान्समधील एखाद्या शेतीप्रधान खेड्यात काही महिने किंवा काही वर्षे राहण्याचा योग ज्यांना येणार आहे, मग तो संशोधनामुळे असो, जोडीदाराच्या नोकरीमुळे असो की शहराबाहेर घर घेण्याच्या इच्छेमुळे, त्यांच्यासाठी हा लेख लिहीत आहे. फ्रान्समध्ये सुमारे ३५,००० कम्यून आहेत. कम्यून म्हणजे स्वतःचा मेअर आणि निवडून आलेली परिषद असलेले सर्वांत लहान प्रशासकीय एकक. गव्हाच्या सपाट शेतांतील गाव, द्राक्षमळ्यांतील गाव आणि उंच पठारावरील गुराढोरांचे गाव यांच्या चालीरीतींत इतका फरक असतो की सर्वांना लागू पडणारा सल्ला बहुधा कोणालाच उपयोगी पडत नाही. म्हणून मी एकच गाव डोळ्यांसमोर ठेवून लिहिते: लोझेर जिल्ह्यातील नास्बिनाल. ओब्राकच्या पठारावर सुमारे १,१८० मीटर उंचीवर वसलेले हे काहीशे वस्तीचे गाव आहे, आणि तेथील दिवसाची, वर्षाची आणि माणसामाणसांमधील व्यवहाराची सगळी घडी गाय आणि गवत यांच्यावर बसलेली आहे. ही एक गोष्ट मनात पक्की धरली की पुढच्या बहुतेक सूचना आपोआप समजू लागतात.

पहिली पायरी: जमीन ओळखून घ्या

गावात पाऊल ठेवण्यापूर्वी नकाशा उघडून पठाराचा अंदाज घ्यावा. ओब्राक हे ग्रॅनाइटवर पसरलेल्या लाव्ह्याचे पठार आहे. त्याचे सर्वांत उंच ठिकाण माल्येबियो १,४६९ मीटरवर आहे, आणि ते लोझेर, आवेरों व कंताल या तीन जिल्ह्यांत विभागलेले आहे. झाडी कमी, दगडी बांध पुष्कळ, आणि नजर पोहोचेल तिथवर कुरणे. लोझेर हा फ्रान्सच्या मुख्य भूमीवरील सर्वांत विरळ वस्तीचा जिल्हा आहे. साऱ्या जिल्ह्यात मिळून ८०,००० लोकही नाहीत. त्यामुळे डॉक्टर, बँक, मोठे दुकान यांच्यातील अंतरे शहरी सवयीने मोजू नयेत.

स्थानिक बोलीतील काही शब्द येण्याआधीच शिकून ठेवावेत, कारण ते शब्दकोशातल्या अर्थाने वापरले जात नाहीत. ‘मोंताञ’ या शब्दाचा पुस्तकी अर्थ डोंगर असला, तरी ओब्राकमध्ये ‘अमक्याची मोंताञ’ म्हणजे त्याचे उन्हाळी चराईचे कुरण, मग ती जमीन अगदी सपाट का असेना. ‘द्राय’ म्हणजे गुरे नेण्याची जुनी वाट, जिच्या दोन्ही बाजूंना बहुधा दगडी बांध असतो. ‘बुरों’ म्हणजे कुरणात एकटेच उभे असलेले जाड भिंतींचे दगडी घर, जेथे पूर्वी गुराखी उन्हाळाभर राहून चीझ करीत. वयस्कर माणसे आपापसांत अजूनही ऑक्सितान बोलतात, जिला ती स्वतः ‘पात्वा’ म्हणतात. ती तुम्हाला समजली नाही तर कोणी वाईट वाटून घेत नाही, पण एखादा शब्द विचारलात तर समोरच्याचा चेहरा उजळतो.

दुसरी पायरी: केव्हा आणि कसे यावे

पहिल्यांदा यायचे असेल तर मे महिन्याचा उत्तरार्ध किंवा जून निवडावा. त्या वेळी रस्ते मोकळे असतात, दिवस मोठा असतो, आणि गुरे पठारावर चढत असल्याने सारा गाव घराबाहेर असतो. नोव्हेंबरात आलेल्या माणसाला बंद खिडक्या आणि धूर एवढेच दिसते, आणि गावाविषयी त्याचे मन विनाकारण खट्टू होते.

जवळचे रेल्वे स्थानक आणि ए ७५ महामार्गावरून बाहेर पडण्याची सोय ओमों-ओब्राक येथे आहे. तेथून नास्बिनाल रस्त्याने सुमारे पंचवीस किलोमीटर. या मार्गावर गाड्या फार थोड्या धावतात, तेव्हा स्थानकावरून पुढे जाण्याची व्यवस्था आधीच ठरवावी आणि ज्यांच्या घरी उतरणार आहात त्यांना नेमकी वेळ कळवावी. स्वतःची मोटार नसेल तर येथे दीर्घकाळ राहणे अवघड आहे, हे मी स्पष्टपणेच सांगते.

दुसरा मार्ग पायी येण्याचा आहे. ल प्वी येथून स्पेनमधील सांतियागो या तीर्थक्षेत्राकडे जाणारी यात्रेकरूंची प्राचीन वाट नास्बिनालमधूनच जाते, आणि नास्बिनाल ते सँ-शेली-दोब्राक हा तिचा सुमारे १७ किलोमीटरचा टप्पा १९९८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाला आहे. घर पक्के करण्याआधी एखाद्या यात्रेकरू-निवासात दोन रात्री राहून हा टप्पा चालून पाहावा, असा माझा आग्रह असतो. वाटेत १,३०० मीटरवर ओब्राक नावाची वस्ती लागते. तेथील मठ बाराव्या शतकाच्या प्रारंभी आदालार नावाच्या फ्लेमिश सरदाराने वाटसरूंच्या आश्रयासाठी स्थापला, असे परंपरा सांगते. धुके किंवा हिमवादळ असले की वाट चुकलेल्यांसाठी तेथे घंटा वाजवीत. तिला ‘हरवलेल्यांची घंटा’ असेच नाव आहे. एकदा का धुक्यात त्या कुरणांमधून चाललात की ही घंटा केवळ श्रद्धेपोटी नव्हती हे पटते.

कागदपत्रांबाबत थोडक्यात. निवासी परवान्याचे काम करणारा दीर्घ मुदतीचा व्हिसा असेल, तर फ्रान्समध्ये पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्याची ऑनलाइन नोंदणी करावी लागते. गावात इंटरनेटचा भरवसा धरण्यापेक्षा हे काम शहरातच उरकून यावे.

तिसरी पायरी: पहिल्या आठवड्यात नमस्कार आणि मेअरी

गावात नवा माणूस आला हे सर्वांना पहिल्याच दिवशी कळते. त्याने स्वतः येऊन ओळख करून दिली की नाही, एवढेच मग पाहिले जाते. पाव घ्यायला गेलात, तर दारातून आत शिरताच तेथे असलेल्या सर्वांना उद्देशून ‘बोंझूर’ म्हणावे आणि मगच रांगेत उभे राहावे. रस्त्यात समोरून येणाऱ्या अनोळखी माणसालाही बोंझूर करावे; ट्रॅक्टरवरून जाणाऱ्याला हात वर करावा. काही विचारायचे असेल तर आधी नमस्कार, मग प्रश्न. हा क्रम चुकवून थेट ‘बस कुठे मिळते?’ असे विचारणे येथे उद्धटपणाचे समजतात. मी सुरुवातीला भारतीय सवयीने नुसतेच हसत असे आणि त्यालाच नमस्कार मानत असे. दोन आठवड्यांनी शेजारच्या आजींनी शांतपणे सांगितले की हसणे छान आहे, पण शब्द उच्चारायला हवा.

बोलताना ‘व्हू’ हे आदरार्थी सर्वनाम वापरावे. समोरच्याने स्वतः ‘आपण एकमेकांना त्यू म्हणू या’ असे सुचवेपर्यंत एकेरीवर येऊ नये, आणि समोरचा वयाने मोठा असेल तर हा प्रस्ताव आपण मुळीच मांडू नये. आपल्याकडे ‘अहो’चे ‘अरे’ होण्याला जसा वेळ लागतो तसाच तो येथेही लागू द्यावा.

त्यानंतर मेअरीत, म्हणजे कम्यूनच्या कार्यालयात जावे. ती रोज दिवसभर उघडी नसते; वेळा दारावर लावलेल्या असतात. मेअर सहा वर्षांसाठी निवडलेल्या परिषदेतून निवडला जातो आणि लहान गावात तो बहुधा स्वतःही शेतकरी, दुकानदार किंवा निवृत्त शिक्षक असतो, पण नव्या माणसासाठी खरी महत्त्वाची व्यक्ती म्हणजे मेअरीची सचिव. कचऱ्याचे डबे कोठे आहेत, जुने सामान टाकण्याचे केंद्र कोणत्या दिवशी उघडते, पाण्याची जोडणी कोणाकडून घ्यायची, जळाऊ लाकूड कोण विकतो, हे सारे त्यांना ठाऊक असते. मी येथे राहायला आले आहे, माझे घर अमुक, इतके सांगून यावे. काम नसले तरी ही भेट चुकवू नये.

भेटीच्या वेळाही सांभाळाव्या लागतात. दुपारी बारा ते दोन हा जेवणाचा वेळ आहे. त्यात कोणाचे दार वाजवू नये, फोन करू नये. दूध काढणाऱ्या शेतकऱ्याकडे पहाटे आणि संध्याकाळी जाऊ नये. कोणी ‘आपेरो’साठी, म्हणजे जेवणापूर्वीच्या पेयपानासाठी बोलावले, तर ती मैत्रीची पहिली खूण असते. मद्य घेत नसाल तर फळांचा रस मागितल्यास कोणी आग्रह करीत नाही. जाताना काहीतरी घेऊन जावे, पण शेवंती कधीही नेऊ नये: ती १ नोव्हेंबरला दफनभूमीत पूर्वजांच्या थडग्यांवर ठेवण्याचे फूल आहे. घरी केलेले नारळाचे लाडू मी नेते, आणि ते कसे केले याच्या चर्चेत सुरुवातीचा संकोच निघून जातो. बोलण्यासाठी हवा, गवत, बर्फ, मुलांच्या शाळा हे विषय निर्धोक आहेत. जमीन किती हेक्टर, गुरे किती, युरोपीय अनुदान किती मिळते, हे विचारू नये. येथे तो पगार विचारण्यासारखाच प्रश्न आहे.

चौथी पायरी: गायींचे वर्ष शिका

या पायरीवर मी सर्वांत जास्त वेळ थांबणार आहे, कारण गावात रुळलेले आणि वर्षानुवर्षे परकेच राहिलेले असे दोन्ही प्रकारचे लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांच्यात मुख्य फरक हे वर्ष समजण्या-न समजण्याचाच होता.

ओब्राक जातीची गाय गव्हाळ ते बदामी रंगाची असते. डोळ्यांभोवती काजळ घातल्यासारखी काळी कड, नाकाभोवती पांढरी झाक, आणि वर वळलेली मोठी शिंगे. पूर्वी ती ओढकाम, दूध आणि मांस या तिन्हींसाठी पाळली जात असे. कुरणातील बुरोंमध्ये कामाची श्रेणी ठरलेली होती. चीझ करणारा मुख्य म्हणजे ‘कंतालेस’. त्याच्याखाली गुरे राखणारा ‘पास्त्र’, वासरे सांभाळणारा ‘बेदेलिये’, आणि सर्वांत खाली पडेल ते काम करणारा पोरगा, ‘रूल’. ही गाय वासरू समोर असल्याखेरीज पान्हा सोडत नसे. म्हणून बेदेलिये एकेक वासरू सोडून त्याला आचळाला लावी, गाय पान्हावली की त्याला तिच्या पायाशी बांधी, आणि मग दूध काढले जाई. हे काम उन्हाळाभर, दिवसातून दोनदा, डोंगरी थंडीपावसात चाले. विसाव्या शतकात शहरांकडे जाणाऱ्यांची संख्या वाढली तसे असे काम करणारे हात मिळेनासे झाले. १९६३ ते १९६६ या काळात फ्रान्सच्या राष्ट्रीय विज्ञान संशोधन केंद्राच्या मोठ्या पथकाने ओब्राकचा सर्वांगीण अभ्यास केला, तेव्हा एकेकाळी शेकड्यांनी असलेल्या बुरोंपैकी फार थोडे चालू उरले होते. त्या पथकाने केलेल्या नोंदी, चित्रण आणि ध्वनिमुद्रण यांमुळेच आज त्या जीवनाचे बारकावे आपल्याला कळतात.

चीझ मात्र टिकले, आणि ते टिकवण्यात सहकाराचा मोठा वाटा आहे. १९६० मध्ये पठारावरील तरुण शेतकऱ्यांनी ‘झन मोंताञ’ ही सहकारी संस्था लायोल येथे स्थापली, आणि १९६१ मध्ये लायोल चीझला उत्पत्तिस्थानाचे कायदेशीर संरक्षण मिळाले. (हे नाव लिहिताना ‘लागिओल’ असे दिसते, पण उच्चार ‘लायोल’, चुकीचा उच्चार केल्यास नवखेपण लगेच उघडे पडते.) हे चीझ कच्च्या, साय न काढलेल्या दुधाचे असते, फक्त ओब्राक आणि फ्रेंच सिमेंटल या जातींच्या गायींच्या दुधापासून करतात, आणि ते किमान चार महिने मुरवावे लागते. पठारावरच्या बहुतेक ओब्राक गायी आज दुधासाठी नाहीत; त्या वासरे वाढवतात आणि ती वासरे मांसासाठी विकली जातात. महाराष्ट्रातून आलेल्या कित्येकांना हे ऐकून अस्वस्थ वाटते. ती अस्वस्थता समजण्यासारखी आहे, तरीही येथील शेतकरी प्रत्येक गायीला नावाने ओळखतो, रात्री तीन वाजता उठून तिचे बाळंतपण करतो, आणि तिच्यावरच त्याचे घर चालते, हे एकत्र ध्यानात घेऊन मगच त्याच्याशी या विषयावर बोलावे.

आता वर्षाचा क्रम. हिवाळाभर गुरे गोठ्यात असतात. शेतकऱ्याचे काम चारा आणि विणे यांत अडकलेले असते. मे महिन्याच्या अखेरीस, संत उर्बेन यांच्या २५ मे या दिवसाच्या सुमारास, गुरे उन्हाळी कुरणांत चढवतात. शिंगांमध्ये फुले, कागदी गुच्छ, झेंडे, गळ्यात मोठमोठ्या घंटा असा थाट करून कळप गावांतून चालत जातो आणि लोक रस्त्याच्या कडेला उभे राहतात. ओब्राक वस्तीत या निमित्ताने मोठा उत्सव भरतो. तुम्ही पाहायला गेलात तर कळपाच्या पुढे जाऊन छायाचित्र काढू नये, कळपाच्या मधून रस्ता ओलांडू नये, मोटार कडेला लावून तिचे इंजिन बंद करावे. पहिल्या वर्षी केवळ पाहावे. दुसऱ्या वर्षी ओळखीच्या शेतकऱ्याला ‘एखाद्या चौकात उभी राहू का?’ असे विचारावे. गुरे चुकीच्या रस्त्याला वळू नयेत म्हणून वाटेच्या फाट्यावर काठी घेऊन उभी राहणारी माणसे नेहमीच हवी असतात, आणि हे काम शिकायला पाच मिनिटे पुरतात.

जून आणि जुलै गवत कापण्याचे. हवामान तीन-चार दिवस कोरडे राहणार असे दिसले की सारा गाव शेतात असतो, ट्रॅक्टर रात्री अकरापर्यंत चालतात, आणि त्या दिवसांत कोणाकडूनही निवांत गप्पांची अपेक्षा करू नये. महागडी यंत्रे अनेक शेतकरी मिळून ‘क्यूमा’ या सहकारी व्यवस्थेतून घेतात आणि पाळीपाळीने वापरतात, म्हणून एकाची पाळी हुकली की पुढच्याची गडबड होते. मदतीची इच्छा असली तरी एक लक्षात ठेवावे: शेतकऱ्यांनी एकमेकांना विनामोबदला केलेल्या मदतीला कायद्याने स्थान दिले आहे, पण शेतकरी नसलेल्या माणसाला यंत्राशेजारी अपघात झाला तर विम्याचा मोठा प्रश्न उभा राहतो. म्हणून बोलावले तरच जावे, आणि यंत्रापासून दूरचे काम घ्यावे. बांधावर थंड पाणी आणि खाणे पोहोचवणे हेही काम आहे.

ऑगस्टमध्ये गावाची वस्ती अचानक वाढते. रस्त्यात पॅरिसच्या क्रमांकाच्या मोटारी दिसतात आणि लोक त्यांना ‘पॅरिसवाले’ म्हणतात, पण त्यांतील बरेच जण गावाचेच नातू-पणतू असतात. एकोणिसाव्या शतकापासून या पठारावरील आणि आसपासच्या जिल्ह्यांतील माणसे पॅरिसला गेली, त्यांनी आधी पाणी आणि कोळसा वाहिला, मग कोळसा आणि दारू एकाच दुकानात विकली आणि पुढे शहरातील कितीतरी कॅफे चालवले. लायोलमध्ये जन्मलेल्या मार्सेलँ काझ यांनी १९२० मध्ये पॅरिसची प्रसिद्ध ‘लिप’ ब्रासरी घेतली. मुंबईच्या चाकरमान्याचे कोकणातल्या घराशी जे नाते, तेच यांचे. म्हणून पॅरिसवाल्यांविषयी गावकरी कुरकुर करीत असले तरी आपण त्यात सूर मिसळू नये. ती घरातल्यांची कुरकुर आहे.

१३ ऑक्टोबरच्या, म्हणजे संत जेरो यांच्या दिवसाच्या सुमारास गुरे खाली येतात. या उतरण्याला सजावटीचा थाट बहुधा नसतो, पण मला स्वतःला हाच दिवस अधिक भिडतो: धुके, ओली पाने, आणि दूरवरून जवळ येत जाणाऱ्या घंटा.

पाचवी पायरी: कुरणात चालण्याचे नियम

फाटक जसे होते तसेच ठेवावे, म्हणजे बंद असेल तर बंद करावे आणि उघडे असेल तर उघडेच सोडावे. विजेच्या तारेच्या कुंपणाला प्लॅस्टिकची मूठ असते. तिलाच धरून आकडा काढावा आणि लगेच परत अडकवावा. वासरासोबतच्या गायीपासून भरपूर अंतर ठेवावे, गाय आणि वासरू यांच्या मधून कधीही जाऊ नये. कुत्रा बरोबर असेल तर गायी तुमच्याकडे नव्हे, त्याच्याकडे धावतात. म्हणून कुरणात कुत्रा नेऊच नये हे उत्तम. उंच गवतातून आल्यावर गोचीड चिकटलेली नाही ना, हे रोज तपासावे.

फुले, कंद आणि अळंबी यांबद्दल विशेष काळजी हवी. जंगलातील अळंबी कायद्याने जमीनमालकाची असतात, आणि शरदातील ‘सेप’ अळंबीवरून गावात खरोखर भांडणे होतात. कोणी आपली जागा सांगत नाही आणि विचारूही नये. मेअखेर ते जून या काळात कुरणांत फुलणारी पांढरी नर्गिस सुगंधी द्रव्यांसाठी रुंद फण्यांनी गोळा केली जाते, तेव्हा फुलांचे मोठाले ढीग दिसले तर तो कोणाचा तरी हंगामी रोजगार आहे. पिवळ्या जेन्शनच्या मुळापासून कडू पेय करतात आणि ती मुळे ‘सैतानाचा काटा’ म्हणवल्या जाणाऱ्या लांब दांड्याच्या अवजाराने उपटतात. ही वनस्पती स्वतः खणण्याच्या फंदात पडू नये, कारण अगदी तिच्यासारखीच दिसणारी व्हेरात्र ही विषारी वनस्पती त्याच कुरणात वाढते. जेन्शनची पाने समोरासमोर जोडीने येतात आणि व्हेरात्रची एकाआड एक, हा फरक सांगता येतो, पण त्यावर जीव टांगू नये. चहासाठी काही हवेच असेल तर ‘ओब्राकचा चहा’ या नावाने मिळणारी पुदिन्याच्या कुळातील सुगंधी पाने दुकानातून घ्यावीत.

सप्टेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत शिकारीचा हंगाम असतो. त्या काळात, विशेषतः रविवारी, भडक नारिंगी किंवा पिवळे जाकीट घालूनच फिरावे, आणि वाटेवर शिकारीची पाटी लावलेली दिसली तर दुसरी वाट धरावी.

सहावी पायरी: ताटापुरती तयारी

येथील मानाचा पदार्थ म्हणजे ‘आलिगो’: उकडून कुस्करलेल्या बटाट्यात लोणी, साय, थोडा लसूण आणि ताजे, न मुरलेले ‘तोम’ चीझ घालून लाकडी कालथ्याने इतके ओढतात की त्याची हातभर लांब तार निघते. यात अंडे नसते आणि मांस नसते, पण शाकाहारी वाचकांना दोन गोष्टी सांगायला हव्यात. तो बहुधा सॉसेजसोबत वाढला जातो, आणि पारंपरिक फ्रेंच चीझमध्ये दूध विरजण्यासाठी वासराच्या जठरातील रेनेट वापरतात. ज्यांना हे चालत नाही त्यांनी बोलावणे आल्यावर लगेच, शांतपणे आणि स्पष्ट शब्दांत सांगावे. टेबलावर बसल्यावर सांगणे यजमानाला लागते. ‘मी मांस खात नाही’ असे म्हटल्यावर कित्येकदा डुकराच्या चरबीत परतलेले बटाटे किंवा हॅम घातलेले सूप समोर येते, कारण अनेकांच्या मनात मांस म्हणजे लाल मांसाचा तुकडा. म्हणून ‘डुकराचे, कोंबडीचे, मासे, चरबी, काहीच नाही’ असे एकेक नाव घेऊन सांगणे बरे.

वयस्कर पुरुष खिशातून स्वतःचा घडीचा सुरा काढून त्यानेच जेवतात. लायोलचा सुरा एकोणिसाव्या शतकापासून प्रसिद्ध आहे. असा सुरा कोणी भेट दिला तर बदल्यात एखादे नाणे द्यावे, नाहीतर मैत्री कापली जाते असे मानतात; नाणे देण्यात संकोच करू नये.

सातवी पायरी: आवाज आणि वास

कोंबडा पहाटे आरवतो, गायींच्या घंटा रात्रभर वाजतात, चर्चची घंटा तास मोजते, आणि वसंतात शेणखत पसरले की त्याचा वास घरात येतो. महिन्याच्या पहिल्या बुधवारी दुपारी बारा वाजता भोंगा वाजला तर घाबरू नये. ती चाचणी आहे. या आवाजांबद्दल तक्रार करण्याआधी हे माहीत असावे की ओलेरों बेटावरील मोरिस नावाच्या कोंबड्याच्या आरवण्यावरून शेजाऱ्यांनी दावा लावला तेव्हा २०१९ मध्ये न्यायालयाने कोंबड्याच्या बाजूने निकाल दिला, २९ जानेवारी २०२१ च्या कायद्याने ग्रामीण भागातील आवाज आणि वास हे वारशाचा भाग मानले गेले, आणि २०२४ च्या कायद्याने आधीपासून नियमानुसार चालू असलेल्या कामाविरुद्ध नंतर आलेल्या शेजाऱ्याला सहसा दाद मागता येत नाही. माझ्या मते कायद्याचा विचार करण्याची वेळच येऊ देऊ नये. घर भाड्याने घेण्यापूर्वी पहाटे पाच वाजता त्या घरासमोर उभे राहून ऐकावे.

आठवी पायरी: हिवाळ्याची बेगमी

लाकूड उन्हाळ्यातच मागवावे. ते ‘स्तेर’ या मापाने, म्हणजे एक घनमीटरच्या रचलेल्या ढिगाच्या हिशेबाने विकतात, आणि किमान दोन वर्षे वाळलेले आहे ना हे विचारून घ्यावे. ओले लाकूड धूर देते आणि धुराडे खराब करते. १ नोव्हेंबर ते ३१ मार्च या काळात डोंगरी भागांत मोटारीला हिवाळी टायर असणे किंवा गाडीत बर्फाच्या साखळ्या ठेवणे कायद्याने आवश्यक आहे, आणि ओब्राकवर तर ते जगण्यासाठीही आवश्यक आहे. येथील हिमवाऱ्याला ‘एसीर’ म्हणतात. तो पडलेला बर्फ उचलून पुन्हा उडवतो आणि रस्ता, बांध, आकाश सगळे एकाच पांढऱ्या रंगात मिसळून टाकतो. रस्त्याच्या कडेने उभे केलेले उंच खांब त्यासाठीच असतात. एसीर सुरू झाला असेल तर किरकोळ कामासाठी निघू नये. घरात मेणबत्त्या, पिठाचा साठा आणि नेहमीची औषधे दोन आठवडे पुरतील इतकी ठेवावीत.

आग लागली किंवा कोणी जखमी झाले तर ११२ वर फोन करावा. मदतीला येणारा अग्निशामक बहुधा तुमचाच पाववाला किंवा शेतकरी असेल, कारण फ्रान्समधील सुमारे ऐंशी टक्के अग्निशामक स्वयंसेवक आहेत. वर्षाच्या शेवटी ते दिनदर्शिका घेऊन दारोदार येतात. ती घ्यावी आणि मनापासून वर्गणी द्यावी.

हिवाळ्यात माणसे भेटण्याची ठिकाणे मात्र वाढतात. गावाच्या सभागृहात ‘किन’ हा आकड्यांचा खेळ होतो, ज्यात बक्षीस म्हणून हॅम किंवा चीझ मिळते; पत्त्यांचा ‘बलोत’ चालतो; कधी काब्रेत या चामडी पिशवीच्या वाद्यावर ‘बुरे’ नावाचे लोकनृत्य होते आणि पायांचा ताल चुकणाऱ्यालाही ओढून घेतात. याच संध्याकाळी जुन्या गोष्टी ऐकायला मिळतात. गावात ज्याचे स्मारक आहे त्या प्येर ब्रियूद, ऊर्फ प्येरुने याच्याविषयी अवश्य विचारावे. १८३२ मध्ये जन्मलेला आणि १९०७ मध्ये वारलेला हा रस्तेदुरुस्तीचा कामगार निखळलेले सांधे बसवण्यात इतका निष्णात होता की दूरदूरहून माणसे त्याच्याकडे येत.

शेवटचे एक व्यावहारिक सांगणे. येथे सकाळी लाकडी खिडक्या उघडणे ही घर जागे असल्याची खूण आहे, आणि शेजारी ती रोज, न बोलता पाहत असतात. दहा वाजेपर्यंत खिडक्या उघडल्या नाहीत आणि धुराड्यातून धूर दिसला नाही, तर कोणीतरी येऊन दार वाजवते. म्हणून दोन दिवसांसाठी जरी बाहेर जाणार असाल तरी शेजाऱ्याला कोठे जात आहात आणि केव्हा परतणार हे सांगून जावे, किल्लीची एक प्रत त्यांच्याकडे ठेवावी, आणि परत आल्यावर पहिल्या सकाळी, थंडी कितीही असली तरी, रस्त्याकडच्या खिडक्या आधी उघडाव्यात.